नाव, पत्ता आणि फिर्याद : वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या सुरक्षिततेचा भाषिक विचार

१. दोन पेठा

पुण्याच्या सदाशिव पेठेचे नाव सदाशिवरावभाऊंच्या नावावरून पडले. या विशेषनामापासून मराठीने पुढे 'सदाशिवपेठी' असे विशेषण घडविले. प्रमाण उच्चार, काटेकोर व्यवहार, नेमके व किंचित बोचरे बोलणे असे अनेक अर्थ त्या एका शब्दात सामावले आहेत. १९०६ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन्ही संस्थांच्या वास्तू याच पेठेत आहेत. मराठी शब्दांची व मराठी कागदपत्रांची जपणूक हे कार्य या पेठेने दीर्घकाळ आपले मानले आहे.

या पेठेतून पायी निघाल्यास थोड्याच वेळात बुधवार पेठ लागते. तांबडी जोगेश्वरी हे पुण्याचे ग्रामदैवत तेथेच आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर तेथेच आहे. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आणि विजेच्या सामानाची मोठी बाजारपेठही त्याच परिसरात आहे. तथापि 'बुधवार पेठ' हे नाव उच्चारताना पुणेकराचा आवाज नकळत खाली येतो. त्या पेठेच्या काही गल्ल्यांत वेश्याव्यवसाय चालतो, आणि एवढ्या कारणाने संपूर्ण पेठेच्या नावाला एक वेगळा अर्थ चिकटला आहे. एका पेठेच्या नावाचे विशेषण झाले, दुसरीच्या नावाचा संकेत झाला. नाव आणि पत्ता यांच्या साहचर्याने अर्थ कसा घडतो, याचे हे जवळचेच उदाहरण होय.

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा असता, तर तो अर्थविचाराच्या पाठ्यपुस्तकापुरता राहिला असता. परंतु ज्या स्त्रीचा पत्ता बुधवार पेठेतील आहे, तिला दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत, शिधावाटप कार्यालयात आणि पोलीस चौकीत कोणत्या नावाने नोंदविले जाते, यावर तिची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात कोशातील, कायद्यातील आणि कचेरीच्या कागदावरील अशा तीन प्रकारच्या नावांचा विचार करून, या स्त्रियांच्या सुरक्षिततेतील अडचणी आणि त्यांना लागणारा आधार यांचे विवरण करावयाचे आहे. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तीही या व्यवसायात आहेत. तथापि येथील विवेचन स्त्रियांपुरते मर्यादित आहे. 'वेश्याव्यवसायातील स्त्रिया' हा शब्दप्रयोग येथे योजला आहे, तो व्यवसाय आणि व्यक्ती यांत अंतर राखता यावे म्हणून.

२. कोशातील नावे

संस्कृतातील 'वेश्या' हा शब्द 'वेश' या शब्दापासून आला. 'वेश' म्हणजे वस्ती, घर, आणि विशेषार्थाने गणिकांची आळी. त्या आळीत राहते ती वेश्या. म्हणजे मुळात हे नाव कृतीवरून पडलेले नसून पत्त्यावरून पडलेले आहे. 'गणिका' हा शब्द 'गण' म्हणजे समूह यावरून आला, आणि 'रूपाजीवा' हा शब्द उपजीविकेच्या साधनावरून. कौटिलीय अर्थशास्त्रात गणिकाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात या स्त्रियांकडून राज्याने घ्यावयाच्या उत्पन्नाचा हिशेब जसा आहे, तसे त्यांना होणाऱ्या उपद्रवासाठी दंडही आहेत. रूपाजीवेवर बळजबरी करणाऱ्यास अन्यत्र १२ पण दंड सांगितला आहे. दंडाची रक्कम अल्प आहे. परंतु अशा स्त्रीच्या बाबतीतही बळजबरी हा अपराध होऊ शकतो, एवढे त्या ग्रंथकाराने मान्य केले होते. पुढील काळात हे मान्य होण्यास किती प्रयास पडले, ते यथावकाश दिसेल.

मराठीतील शब्द पाहिले असता एक वेगळीच रचना दृष्टीस पडते. 'कसब' हा अरबी मूळाचा शब्द; त्याचा अर्थ कमाई, हुन्नर, कौशल्य. 'कसबी' म्हणजे आपल्या कामात तरबेज असलेला कारागीर. परंतु 'कसबीण' म्हणजे वेश्या. 'नाईक' हा पुढारी, तर 'नायकीण' ही गाणारी-नाचणारी व ठेवलेली स्त्री. 'कलावंत' हा गौरवाचा शब्द, 'कलावंतीण' हा संशयाचा. 'कुणबी' म्हणजे शेतकरी. परंतु पेशवेकालीन कागदपत्रांत 'कुणबीण' ही विकत घेता व देता येणारी दासी आहे. पुल्लिंगी रूपात जो शब्द धंदा, हुन्नर किंवा अधिकार सांगतो, तोच स्त्रीलिंगी प्रत्यय लागताच देहाच्या उपलब्धतेचा वाचक होतो. हा अर्थापकर्ष एखाद्या शब्दापुरता असता तर त्याला अपवाद म्हणता आले असते. येथे तो एक नियमच झालेला दिसतो. 'रांड' या शब्दाने तर विधवा आणि वेश्या या दोघींना एकाच नावाखाली आणले. ज्या स्त्रीवर कोणा एका पुरुषाची मालकी उरलेली नाही, ती सर्वांची, असा समाजाचा समज त्या शब्दात उघडपणे व्यक्त झाला आहे.

उत्तर पेशवाईतील पुण्यात कलावंतिणींच्या वस्तीशी 'बावनखणी' हे नाव निगडित झाले. तेव्हाही व्यवसायाची ओळख पत्त्याने होत होती. आजही ती पत्त्यानेच होते.

या स्त्रियांच्या स्वतःच्या बोलीकडे मात्र भाषाभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आपल्या कामाला त्या साधेपणाने 'धंदा' म्हणतात. कोठी चालविणारी स्त्री ती 'घरवाली'. कायमचा सोबती असलेल्या पुरुषास सांगलीकडे 'मालक' म्हणण्याचा प्रघात आहे. गृहिणीही नवऱ्याचा उल्लेख 'आमचे मालक' असाच करीत आल्या आहेत. कमाईचा अर्धा वाटा घरवालीला देण्याच्या पद्धतीला 'अधिया' म्हणतात. हा शब्द अर्धेलीच्या शेतीतून आलेला आहे. घर, शेत आणि बाजार यांतील नेहमीचेच शब्द येथे वापरात आहेत. या बोलीत पाप नाही, त्याचप्रमाणे पुण्यही नाही. देणेघेणे, वाटा, कर्ज आणि माणसे यांची ती भाषा आहे. सुरक्षिततेचा विचार करताना याच भाषेपासून आरंभ करणे अधिक उपयुक्त ठरते. कारण धोका नेमका कोठे आहे हे ती सांगते : गिऱ्हाईक अनोळखी असणे, घरवालीचे कर्ज न फिटणे, मालकाने मारहाण करणे आणि धाड पडणे.

३. कायद्यातील नावे

इंग्रजी अमलात या स्त्रियांकडे प्रथम पाहिले गेले ते रोगाच्या दृष्टीने. १८६४ च्या छावणीविषयक कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने त्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. हेतू गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याचा होता. त्या स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्यात गौण होता. १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पुढे मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आणि १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली आणि त्यास अनुसरून १९५६ मध्ये स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा संमत झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' असे झाले. या दुरुस्तीत 'वेश्याव्यवसाय' या शब्दाची व्याख्याही पालटली. मूळ व्याख्येत मोबदल्यासाठी देह देणारी स्त्री ही कर्ती होती. नव्या व्याख्येत व्यक्तींचे व्यापारी हेतूने होणारे लैंगिक शोषण किंवा गैरवापर म्हणजे वेश्याव्यवसाय, असे म्हटले गेले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर १९५६ मध्ये ती वाक्याचा कर्ता होती, १९८६ मध्ये कर्म झाली. तिला होणाऱ्या शिक्षा मात्र बव्हंशी कायम राहिल्या.

या कायद्याविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे. प्रौढ स्त्रीने मोबदल्यासाठी शरीरसंबंध ठेवणे हा या कायद्यान्वये स्वतंत्र अपराध नाही. कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, स्त्रीला या व्यवसायात आणणे, तेथे डांबून ठेवणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे आणि विवक्षित स्थानांच्या आसपास व्यवसाय करणे हे अपराध आहेत. वरवर पाहता यांतील पुष्कळशी कलमे तिच्या रक्षणासाठी आहेत. परंतु शब्दांच्या व्याख्या बारकाईने वाचल्या असता रक्षणाची जागा धोक्याने कशी घेतली, ते स्पष्ट होते.

'कुंटणखाना' या संज्ञेत दोन किंवा अधिक स्त्रियांच्या परस्पर लाभासाठी वापरलेली जागाही मोडते. एकटीने अनोळखी गिऱ्हाइकास खोलीत घेण्यात धोका आहे, म्हणून दोघी मैत्रिणींनी एकच खोली भाड्याने घेऊन एकमेकींवर लक्ष ठेवावयाचे ठरविले, तर ती खोली कायद्याच्या दृष्टीने कुंटणखाना ठरू शकते. एकटे राहणे असुरक्षित आणि सोबतीने राहणे बेकायदेशीर, असा हा पेच आहे.

'कमाईवर जगणारी व्यक्ती' या संज्ञेत अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती येते. दलालास शिक्षा व्हावी हा त्यामागील उद्देश. परंतु त्या शब्दांच्या कक्षेत तिची वृद्ध आई आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा हेही येऊ शकतात. अठरावा वाढदिवस ज्या घरात धास्तीचा विषय व्हावा, त्या घराची स्थिती वेगळी सांगावयास नको.

सातव्या कलमान्वये सार्वजनिक उपासनास्थान, शिक्षणसंस्था, रुग्णालय इत्यादींपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करता येत नाही. देवळे, शाळा आणि दवाखाने यांची दाटी असलेल्या जुन्या पेठांत असे अंतर राखणे जवळजवळ अशक्य होय. परिणामी पोलिसांच्या मनात येईल तेव्हा कारवाई आणि मनात नसेल तेव्हा दुर्लक्ष अशी स्थिती उत्पन्न होते, आणि या दोहोंमधील जागेत हप्त्याला वाव मिळतो. आठव्या कलमात गिऱ्हाईक बोलावण्याच्या पहिल्या अपराधाबद्दल स्त्रीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच अपराध पुरुषाने केल्यास कैदेची मर्यादा तीन महिने आहे. 'कसबी' आणि 'कसबीण' या शब्दांत जे अंतर पडले, तेच येथे महिन्यांच्या हिशेबात उतरले आहे. विसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्यास अशा स्त्रीला एखाद्या भागातून हद्दपार करण्याचा अधिकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तो घटनेशी सुसंगत ठरविला.

४. साक्षीची किंमत

असुरक्षिततेचे मुख्य कारण हिंसा हे खरे. परंतु हिंसा पुनःपुन्हा होण्याचे कारण वेगळे आहे. तिची तक्रार नोंदविली जाणार नाही, आणि नोंदविली तरी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला जाणार नाही, हे हिंसा करणाऱ्यास ठाऊक असते. गिऱ्हाइकाने ठरलेले पैसे न देता मारहाण केली, गुंडाने हप्ता मागितला, मालकाने साठविलेली रक्कम हिसकावून घेतली, तर सामान्य नागरिकास जी वाट उपलब्ध आहे ती पोलीस चौकीची. या स्त्रीच्या बाबतीत तीच वाट धोक्याची ठरते, कारण फिर्याद लिहून घेण्यापूर्वी तिचा पत्ता विचारला जातो, आणि पत्ता सांगताच फिर्यादीची ती संशयित होते.

पुराव्याच्या कायद्याने या अविश्वासास दीर्घकाळ आधार दिला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १५५ व्या कलमातील चौथ्या पोटकलमान्वये, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वसनीयता खोडून काढता येत असे. हे पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने वगळले गेले. म्हणजे ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागू होते. तत्पूर्वी १९९० मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका पोलीस निरीक्षकाविरुद्धच्या प्रकरणात न्यायालयाने एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले होते. स्त्रीचे चारित्र्य लोकांच्या दृष्टीने कसेही असो, तिला खाजगीपणाचा हक्क आहे, तिच्या इच्छेविरुद्ध कोणी तिच्यावर हक्क सांगू शकत नाही आणि केवळ चारित्र्याच्या कारणाने तिची साक्ष टाकून देता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कौटिल्याने १२ पणांच्या दंडात जे मान्य केले होते, ते आधुनिक न्यायव्यवस्थेत इतक्या स्पष्टपणे नोंदले जाण्यास १९९० साल उजाडावे लागले.

साक्षीशी निगडित असा आणखी एक विषय निरोधाचा होय. धाडीच्या वेळी सापडलेले निरोध हा वेश्याव्यवसायाचा पुरावा म्हणून पंचनाम्यात नोंदविला जाई. एकीकडे सरकारचाच आरोग्य विभाग एड्सच्या प्रतिबंधासाठी निरोध वाटत होता, आणि दुसरीकडे सरकारचाच पोलीस विभाग ते जवळ बाळगणे हा पुरावा मानीत होता. एकाच वस्तूला दोन खात्यांनी दोन अर्थ दिले, की तिचा वापर करणाऱ्याने कोणता अर्थ धरावा? या विसंगतीची किंमत स्त्रियांनी आपल्या प्रकृतीने मोजली.

५. 'सुटका' या शब्दाचा अर्थ

या विषयावरील मराठी वृत्तपत्रांतील बातम्यांत एक वाक्य ठराविक साच्यात येते : अमुक ठिकाणी धाड घालून इतक्या महिलांची सुटका करण्यात आली. 'सुटका' या शब्दात बंधन आणि बंधनातून मुक्ती असे दोन्ही अर्थ अभिप्रेत असतात. अल्पवयीन मुलगी, फसवून आणलेली किंवा डांबून ठेवलेली स्त्री यांच्या बाबतीत हा शब्द यथार्थ आहे. मुलांच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने ही गोष्ट निःसंदिग्ध केली आहे. त्यांना तेथून काढणे हे शासनाचे निर्विवाद कर्तव्य होय.

परंतु तोच शब्द सर्व प्रौढ स्त्रियांना सरसकट लावला जातो, तेव्हा त्याचा अर्थ उलटा होतो. धाडीनंतर स्त्रीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते आणि तिची इच्छा असो वा नसो, संरक्षणगृहात पाठविले जाऊ शकते. बाहेर तिची मुले, भाड्याची खोली, भिशीतील पैसा आणि औषधोपचार हे सर्व मागे राहते. सांगलीच्या 'संग्राम' या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धाडीत सापडलेल्या २४३ स्त्रियांशी बोलणे झाले. त्यांपैकी १९३ स्त्रियांनी आपण त्या वेळी स्वेच्छेने व्यवसायात होतो आणि आपल्याला सुटका नको होती, असे सांगितले. ही पाहणी या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेली आहे, हे ध्यानात घेऊनच ती वाचली पाहिजे. तथापि उरलेल्या ५० स्त्रियांचे उत्तर तसे नव्हते, हेही त्याच पाहणीने नोंदविले आहे. दोन्ही आकडे एकत्र वाचले असता निष्पन्न होते ते हे, की विचारल्याविना कोण कोणत्या गटात आहे हे कळत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाड येथील कारवाईनंतर संस्थेत ठेवलेल्या तीन प्रौढ तरुणींना मुक्त करण्याचा आदेश दिला. वेश्याव्यवसाय हा स्वतः या कायद्यान्वये अपराध नाही आणि प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्यांची एकदा 'सुटका' झाली होती, त्यांना त्या सुटकेतून सोडविण्यासाठी उच्च न्यायालयाचा आदेश आवश्यक व्हावा, यातच त्या शब्दाचा पालटलेला अर्थ दिसून येतो.

या बाबतीत विचारवंतांत खरा मतभेद आहे आणि तो दडविण्याचे कारण नाही. गरिबी, जात आणि पुरुषसत्ता यांच्या दडपणाखाली दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे एक पक्ष मानतो. देवदासी प्रथेचा इतिहास पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरा पक्ष असे म्हणतो, की दारिद्र्यामुळे केलेली निवड ही अमान्य ठरवावयाची, तर धुणीभांडी, वीटभट्टी आणि ऊसतोड यांतील निवडही अमान्य ठरवावी लागेल. पुणे येथील रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत १४ राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश यांतील ३,००० स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी अनेकींनी या व्यवसायात येण्यापूर्वी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशी अल्प मजुरीची कामे केलेली होती. सदाशिव पेठेतील घरांत धुणीभांडी करणे आणि बुधवार पेठेतील व्यवसाय या दोन परस्परविरुद्ध जगांतील गोष्टी नसून एकाच मजूरबाजाराची दोन टोके आहेत, असे अनुमान या निष्कर्षावरून काढता येते. मतभेद कोणत्याही बाजूने सुटो. तो सुटेपर्यंत मारहाण झालेल्या स्त्रीची फिर्याद थांबवून ठेवता येणार नाही, एवढे दोन्ही पक्षांस मान्य होण्यास हरकत नसावी.

६. आधाराचे प्रयत्न

चारित्र्याचा दाखला न मागता स्त्रीला आधार देण्याची परंपरा पुण्यास नवी नाही. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा विधवांना गुप्तपणे येऊन बाळंत होण्याची सोय तेथे होती. आधाराआधी चौकशी नव्हे, हे तत्त्व त्या कार्यात होते.

अलीकडील काळात पुण्यात १९८५ मध्ये विलास चाफेकर यांनी स्थापन केलेल्या 'वंचित विकास' या संस्थेने या वस्तीतील मुलांच्या शिक्षणाचे व निवासाचे काम हाती घेतले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये 'स्नेहालय' सुरू केले. बुधवार पेठेत 'सहेली संघ' ही या स्त्रियांची स्वतःची संघटना १९९८ पासून काम करीत आहे. सांगलीत मीना सरस्वती सेषू यांच्या 'संग्राम'चे काम १९९२ मध्ये एड्सप्रतिबंधाच्या निमित्ताने आरंभले आणि त्यातून १९९६ मध्ये या स्त्रियांची संघटना उभी राहिली. तिने आपले नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' असे घेतले. हे नाव विशेष विचारार्ह आहे. 'वेश्या' हा शब्द त्यांनी टाळला नाही; मुक्ती मात्र व्यवसायापासून न मागता अन्यायापासून मागितली. 'सुटका' या शब्दाने जो अर्थ गमावला होता, तो या चार शब्दांच्या समासात परत मिळालेला दिसतो. याउलट गोव्यात कलावंत, भावीण, देवळी या समाजांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुनी नावे टाकून 'गोमंतक मराठा समाज' हे नाव स्वीकारले. राजाराम पैंगीणकर त्या चळवळीचे एक अग्रणी होत. एका ठिकाणी नाव सोडले गेले, दुसऱ्या ठिकाणी नाव धरून ठेवले गेले. दोन्ही ठिकाणी निर्णय ज्यांचे नाव त्यांनी घेतला, हे साम्य महत्त्वाचे आहे.

आधाराची खरी कसोटी २०२० च्या टाळेबंदीत लागली. गिऱ्हाईक थांबले, भाडे थांबले नाही, आणि शिधापत्रिका नसल्याने सरकारी धान्यही अनेकींना मिळेना. शिधापत्रिकेस राहण्याचा पुरावा लागतो. खोलीचा मालक भाड्याची पावती देत नाही. गावाकडील घराच्या पत्रिकेतून नाव केव्हाच कमी झालेले असते. येथे पुन्हा पत्त्याचाच प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० रोजी ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना कोरडा शिधा देण्याचे आदेश दिले. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये साहाय्य मंजूर केले. पुढे १९ मे २०२२ रोजीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले, ते थोडक्यात असे : लैंगिक अत्याचार झालेल्या या स्त्रीस अन्य कोणत्याही पीडितेप्रमाणे वैद्यकीय व कायदेशीर साहाय्य मिळावे, संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या मुक्ततेची कार्यवाही व्हावी, पोलिसांची वागणूक सन्मानाची असावी, वृत्तपत्रांनी त्यांची ओळख उघड करू नये, निरोध हा अपराधाचा पुरावा मानू नये. आधारपत्र देताना राहण्याच्या पुराव्याऐवजी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे आणि तिचा व्यवसाय उघड होईल अशी कोणतीही खूण त्यावर नसावी, असेही त्यात सांगितले आहे. राहण्याच्या पुराव्याविना ओळखीची नोंद होऊ शकते, हे या व्यवस्थेने मान्य केले.

मुलांच्या बाबतीत मराठी नावाची रचनाच अडचण होती. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा त्रिपदी नावात मधली जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि शाळेच्या दाखल्यावरील ती रिकामी जागा मुलाचे सारे घर उघडे करते. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय या दृष्टीने उपयुक्त आहे. परंतु त्यात आईच्या नावापुढे वडिलांच्या नावाची जागा राहतेच.

७. शब्द आणि स्थान

'सेक्स वर्क' हा इंग्रजी शब्दप्रयोग अमेरिकेतील कॅरल ली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. हे एक काम आहे, एवढेच त्यातून सुचवावयाचे होते. भारतात तो एड्सनियंत्रणाच्या कार्यक्रमांबरोबर पसरला. त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये या स्त्रियांना असंघटित कामगार म्हणून मान्यता सुचविली आणि आक्षेप येताच पुढील महिन्यात त्या मजकुरात फेरबदल केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत जुन्या शब्दाऐवजी 'सेक्स वर्कर' हा शब्द सुचविला. मानवी व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांच्या हरकतीनंतर त्याच वर्षी त्याजागी शोषण व सक्ती यांचा निर्देश करणारे दीर्घ शब्दप्रयोग आले. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे एका शब्दात बसवावयाचे आहे. परंतु वास्तवात फसवलेली, अडकलेली, टिकून राहिलेली आणि ठरवून राहिलेली अशा नाना स्थितींतील स्त्रिया आहेत, आणि एकच स्त्री आयुष्यात या सर्व स्थितींतून जाऊ शकते.

यास्तव योग्य नाव कोणते, यापेक्षा कागदावर तिला कोणते स्थान मिळते, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आजवरच्या पंचनाम्यात तिच्यासाठी दोनच रकाने होते : आरोपी आणि पीडित. आरोपीवर कारवाई होते, पीडितेची सुटका होते. दोन्ही क्रियांत कर्ता दुसराच असतो. मराठी कायदेव्यवहारात तिसरा शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे 'फिर्यादी'. फिर्यादी स्वतः चालत येतो, स्वतः सांगतो, आणि त्याचे म्हणणे लिहून घेणे दुसऱ्याचे कर्तव्य होते. सोबतीने राहण्यास कुंटणखान्याच्या व्याख्येतून सूट, अवलंबून असलेल्या आईला व सज्ञान मुलांना अभय, पत्त्याविना मिळणारी ओळखपत्रे, मुलांची गुप्तता राखणाऱ्या शाळा, विचारूनच होणारी सुटका आणि ज्यांना व्यवसाय सोडावयाचा आहे त्यांना अन्य रोजगार, या सर्व मागण्यांचा पाया त्या एका शब्दात आहे. बुधवार पेठेतील स्त्रीने चौकीत जाऊन आपला पत्ता सांगावा आणि त्यानंतरही तिची फिर्याद लिहून घेतली जावी, एवढी ही अपेक्षा आहे. ती पूर्ण होईल तेव्हा कोशकारांनाही त्या पेठेच्या नावाचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा लागेल.